हाड मोडलेल्या कुत्र्याची घरची शुश्रूषा: डिस्चार्जपासून शेवटच्या एक्स-रेपर्यंत

गाडीची धडक बसली, मागच्या पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले, आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. सर्जन हाडाची तुटलेली टोकं जुळवून घट्ट धरून देतो. ती सांधायचं काम शरीराचं, आणि त्याला मोठ्या कुत्र्यात साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, चार-पाच महिन्यांच्या पिल्लात ४ ते ६. तोवर पायावर येणारा भार ती प्लेट पेलते. धातू पुन्हा पुन्हा वाकला की थकतो, स्क्रू हाडातून सैल होतात, आणि कधी कधी सोफ्यावरची एक उडी पुरते.

सगळ्यात जास्त जपायचा काळ पहिला आठवडा नाही. तेव्हा कुत्रा स्वतःच हलत नाही आणि घरातले सगळे काळजीत असतात. धोका असतो दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. दुखणं ओसरलेलं असतं, टाके निघालेले असतात, कुत्रा चारही पाय टेकून दारापर्यंत येतो, शेपूट हलवतो, आणि घरच्यांना वाटतं की झाला बरा. आतलं हाड मात्र कच्चंच असतं. या लेखातली बरीचशी काळजी त्याच दिवसांसाठी आहे.

इथे मुख्य उदाहरण मागच्या पायाच्या मोडलेल्या हाडाचं घेतलं आहे. जखम, बँडेज, औषधं आणि खाण्यापिण्याचे भाग इतर दुखापतींनाही लागू पडतात. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना आणि इथला मजकूर जुळत नसेल तर डॉक्टरांचं ऐका. त्यांनी तो पाय आतून पाहिलेला आहे.

१. दवाखान्यातून निघण्याआधी

घाईत निघू नका. हे कागद हातात घेऊनच बाहेर पडा:

- डिस्चार्ज कार्ड, त्यावर कोणतं हाड, काय बसवलं आणि ऑपरेशनची तारीख
- ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, फिल्म किंवा मोबाइलवर मूळ फाइल (पुढचे एक्स-रे यांच्याशीच ताडून बघायचे असतात)
- औषधांची चिठ्ठी, त्यावर कुत्र्याचं आजचं वजन आणि प्रत्येक औषधाचं प्रमाण मिलिग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये
- लसीकरणाचं कार्ड
- ड्रेसिंग, टाके आणि पुढचा एक्स-रे यांच्या तारखा, आणि रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर

आणि हे प्रश्न विचारा. दुखण्याचं शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि घरचा पहिला डोस कधी द्यायचा? सकाळी इंजेक्शन झालेलं असताना संध्याकाळी घरी तेच औषध दिलं तर एका दिवसात दुप्पट डोस होतो, आणि ही चूक सर्रास होते. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे आहेत? पाय टेकवायची परवानगी कधीपासून? दवाखान्यात लघवी झाली आहे का?

घरी नेताना मोठ्या कुत्र्याला जाड गोधडीवर झोपवा आणि दोघांनी चार टोकं ताणून धरून उचला. गाडीत मागच्या सीटपुढच्या खोलगट जागेत उशा भरून सपाट करून घ्या, म्हणजे ब्रेक लागला तरी तो खाली घसरणार नाही. दुचाकीवरून नेऊ नका. इमारतीत लिफ्ट असेल तर तीच वापरा. कोणी अडवलं तर शांतपणे सांगा की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला रहिवाशांच्या पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. डिस्चार्ज कार्ड दाखवलं की बहुतेक ठिकाणी वाद तिथेच मिटतो.

२. जागा तयार करणं

कुत्रा घरी येण्याआधी हे झालेलं असावं. त्याला उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल, एवढीच जागा हवी. त्याहून मोठी नको, कारण मोठ्या जागेत तो धावतो. लोखंडी किंवा प्लास्टिकचा क्रेट, म्हणजे दार असलेला पिंजरा, उत्तम. तो नसेल तर लहान मुलांसाठी मिळणारं घडीचं कुंपण खोलीच्या कोपऱ्यात लावा. उडी मारणारा कुत्रा असेल तर कुंपण चालणार नाही, वरून बंद असलेला क्रेटच लागेल.

बाल्कनी नको. दुपारी ती तापते, आणि खालून दुसरा कुत्रा गेला की हा उसळी मारतो. घरातली वर्दळ दिसेल पण अंगावर येणार नाही असा हॉलचा एखादा कोपरा बरा. बेडरूममध्ये एकटा कोंडलेला कुत्रा भुंकत राहतो आणि दार खरवडतो.

अंथरुणासाठी ३ ते ४ इंच जाडीचा फोम, त्यावर रेक्झिन किंवा प्लास्टिकचं कापड, आणि वर सुती चादर. नुसती मऊ गादी नको, तीन पायांवर उठणाऱ्याला खोल रुतणाऱ्या गादीतून उठता येत नाही.

आता फरशी. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स हा या काळातला मोठा शत्रू आहे. मागचा चांगला पाय घसरला की सगळं वजन झटक्यात दुखऱ्या पायावर येतं. क्रेटपासून दारापर्यंतच्या वाटेवर रबरी पायपुसणी किंवा योगासनांच्या चटया सलग अंथरा. सतरंजी घालणार असाल तर तिच्याखाली न घसरणारी जाळी घाला, नाहीतर सतरंजीच कुत्र्यासकट घसरते. नखं कापून घ्या आणि पंजाच्या गादीमधले वाढलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा. एवढ्यानेही पकड बरीच सुधारते.

दारावर एक कागद चिकटवा: “बेल वाजवू नका, फोन करा.” घरातला कुत्रा सगळ्यात जोरात उसळतो तो बेल वाजल्यावर.

३. लागणारं सामान

- डिजिटल थर्मामीटर, कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला
- गळ्यात घालायचा कोन (जखम चाटता येऊ नये म्हणून)
- निर्जंतुक गॉझ, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे
- ५०० मिलिलिटरची नॉर्मल सलाइनची बाटली आणि पोव्हिडोन आयोडिन द्रावण
- सुईशिवायच्या ५ आणि २० मिलिलिटरच्या सिरिंज
- माणसांच्या अंथरुणात घालायचे शोषक पॅड (मेडिकलमध्ये मिळतात, कुत्र्यांच्या पॅडपेक्षा बहुधा स्वस्त पडतात)
- छातीपट्टा, सुमारे ४ फुटांचा साधा लीश, आणि आंघोळीचा एक लांब टॉवेल
- वही

वहीवर हसू नका. तारीख, ताप, खाणं, लघवी, शी, औषधाची वेळ आणि पाय टेकतो की नाही, एवढं रोज लिहायचं. घरात तीन माणसं औषध देत असतील तर वहीशिवाय डोस चुकतो किंवा दोनदा जातो.

४. पहिले ४८ तास

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला दिवसभर लागू शकतो. कुत्रा डुलक्या घेईल, कण्हेल, अनोळखी नजरेने बघेल. पहिल्या रात्री नेहमीच्या निम्मं किंवा त्याहून कमी खायला द्या. उलटी झाली तर थांबा. पाणी थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा द्या.

दिवसातून दोनदा ताप बघा. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावून ते गुदद्वारात २ ते ३ सेंटिमीटर आत धरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाच्या हिशेबाने तो ‘तापलेला’च असतो. १०३.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. कान गरम, नाक कोरडं यावरून ताप कळत नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप बारा महिने असतो आणि आजारपणाच्या ताणात तो डोकं वर काढू शकतो. त्यामुळे ताप आला की सगळा दोष टाक्यांना देऊ नका, रक्ततपासणीबद्दल विचारा.

झोपेत श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक, आणि मिनिटाला ३० च्या आत हवेत. गाडीच्या धडकेत फुफ्फुसाला मार बसलेला किंवा श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) फाटलेलं असू शकतं, आणि त्याची लक्षणं कधी कधी उशिरा दिसतात. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

सुजेवर गार शेक: बर्फाची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, पहिले दोन-तीन दिवस. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, कारण ऑपरेशनसाठी केस काढलेली त्वचा लगेच पोळते. गरम शेक या दिवसांत अजिबात नको, त्याने सूज वाढते.

दुखणारा कुत्रा घरच्यांनाही चावतो. लहान मुलांना क्रेटच्या बाहेरच ठेवा. ड्रेसिंगच्या वेळी गरज पडली तर क्रेप बँडेजची पट्टी जबड्याभोवती गुंडाळून कानामागे गाठ मारता येते, पण काही मिनिटांपुरतीच. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड कधीच बांधू नका. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याची लस झालेली असली तरी हे टाळू नका. आणि दुखापत गाडीची नसून दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असेल, तर तुमच्या कुत्र्याला रेबीजच्या लसीचे डोस पुन्हा लागतात. पूर्वी लस झालेली असली तरी हे डॉक्टरांना लगेच विचारा.

५. औषधं

नियम एकच, आणि तो मोडल्याने कुत्रे मरतात: माणसांची वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत जातं. आजीच्या गुडघ्याला चोळलेलं दुखण्याचं मलम कुत्र्याने चाटलं तरी त्रास होऊ शकतो, म्हणून मलम लावलेला पाय झाकलेला असू द्या.

औषध तेच असलं तरी प्रमाण वेगळं असतं. मेलॉक्झिकॅम कुत्र्यांना नेहमी देतात, सहसा पहिल्या दिवसानंतर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारी गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ‘नाव तेच आहे’ म्हणून ती अख्खी दिली तर साडेसात ते पंधरा पट डोस जातो. पातळ औषध असेल तर बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा आणि चिठ्ठीशी ताडा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत तीव्रता वेगळी असते. ही औषधं नेहमी पोटात अन्न असताना द्या. कुत्र्याने जेवण सोडलं, उलट्या झाल्या, शी काळी डांबरासारखी झाली, तर पुढचा डोस देऊ नका आणि फोन करा. खाजेसाठी किंवा आणखी कशासाठी आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते सर्जनला सांगितलंच पाहिजे, कारण दोन्ही एकत्र दिली तर पोटाला मोठा धोका असतो.

अँटिबायोटिक ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडी गिळवू नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते; मागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा पातळ जेवण द्या. गोळी उकडलेल्या चिकनच्या घासात लपवायची असेल तर आधी एक रिकामा घास, मग गोळीचा, आणि लगेच तिसरा समोर धरा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा चघळला जात नाही.

आणि तो कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नका. न झोपणं, अंग आखडून बसणं, कान मागे, जेवणावरून मन उडणं, सतत धाप लागणं ही दुखण्याचीच लक्षणं आहेत. डोस कमी पडतोय असं वाटलं तर स्वतः वाढवू नका, विचारा.

६. टाके आणि जखम

सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा आणि रोज एकाच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढा. बदल आठवणीपेक्षा फोटोत लवकर दिसतो.

चालण्यासारखं काय: पहिले दोन-तीन दिवस कडेला लाली, थोडी सूज, मांडीच्या आतल्या बाजूला जांभळे डाग. मांडीचं हाड मोडलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली घोट्याच्या सांध्यापाशी मऊ फुगवटा येतो. वरच्या सुजेतलं पाणी खाली उतरलेलं असतं. तो दुखत नसेल तर घाबरू नका. तळहाताने खालून वर हलकेच चोळा.

न चालण्यासारखं काय: तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, पिवळा किंवा रक्ताळ स्राव, वास, सुटलेला टाका, स्पर्शाला गरम कड.

कोरडी, मिटलेली टाक्यांची रेघ रोज धुवायची नसते. तिला हात न लावणं हीच तिची निगा. कडेला काही चिकटलं असेल तर सलाइनने भिजवलेल्या गॉझने पुसा. सलाइन संपलं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. रस्त्यावर घासल्यामुळे झालेल्या उघड्या जखमा सिरिंजमधून सलाइनची धार मारून धुवायच्या. आयोडिन वापरायला सांगितलं असेल तर ते पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. दाट आयोडिन नव्या पेशींना मारतं. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू आत अडकतात.

हळद, चुना, रॉकेल, फिनेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही नको. हळदीचा लेप वाळून कवच होतो आणि त्याखाली पू साचतो.

पावसाळ्यात माशी हा वेगळा धोका. उघड्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभराच्या आत अळ्या निघू शकतात. जखमेला छोटं भोक, आत हालचाल आणि कुजका वास आला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. टर्पेंटाइन ओतल्याने अळ्या आणखी आत जातात आणि मांस जळतं. क्रेटवर मच्छरदाणी टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कोनाबद्दल घरोघरी तह होतो आणि तिथेच घात होतो. ‘बिचाऱ्याला किती त्रास’ म्हणून रात्री काढला, आणि सकाळी टाके उसवलेले. चाटल्याने जखम बरी होते ही समजूत सोडून द्या. तोंडातले जंतू टाक्यांत जातात आणि जीभ टाके सोलून काढते. कोन नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवा. गळ्यातली फुगवलेली गादी मागच्या पायासाठी पुरत नाही, लवचिक कुत्रा वळसा घालून पोचतोच. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, आणि तोपर्यंत कोन चोवीस तास. फक्त जेवताना, तुम्ही समोर बसून असाल तेव्हा काढा. आंघोळ टाके निघाल्यावर दोन दिवसांनी.

७. बँडेज असेल तर

पहिल्या दिवशी दर चार तासांनी पंजा बघा, नंतर दिवसातून दोनदा. टोकाशी उघड्या ठेवलेल्या मधल्या दोन बोटांची नखं शेजारी-शेजारी असावीत. ती एकमेकांपासून फाकली म्हणजे पंजा सुजतोय. दुसऱ्या पंजाशी हात लावून तुलना करा: गार लागला, कुत्रा एकाएकी बँडेज चावायला लागला किंवा वास आला, तर उद्यावर ढकलू नका. घट्ट बँडेजखाली काही तासांत पाय मरू शकतो. बँडेज खाली सरकलं तरी तेच. सरकलेला भाग कडी होऊन आवळतो. घरी कापून स्वतः नवं बांधू नका, हाडाचं बँडेज बांधण्यात थर आणि ताण यांचा हिशेब असतो.

भिजलेलं बँडेज त्याच दिवशी बदलावं लागतं. बाहेर नेताना सलाइनची रिकामी प्लास्टिकची पिशवी वरून कापून, धुऊन, मोज्यासारखी चढवा. साध्या पिशवीपेक्षा ती टिकते. घरात आल्याबरोबर काढा, आत घाम साचतो.

८. उठवणं, शी-शू, कूस बदलणं

उठवताना लांब टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घाला आणि दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा. त्याला उचलायचं नाही, फक्त वजन हलकं करायचं. नर असेल तर टॉवेल थोडा पुढे घ्या, नाहीतर त्याला लघवी करता येत नाही आणि टॉवेल भिजतो. छोट्या कुत्र्याला एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली घालून उचला; काखेत धरून लटकवू नका.

लघवी २४ तास झाली नाही तर फोन. अपघातात मूत्राशय फुटलेलं असू शकतं. शी मात्र दोन-तीन दिवस न होणं चालतं, कारण उपास, भूल आणि दुखण्याची औषधं यांनी आतडी मंदावतात. उकडलेला लाल भोपळा एक-दोन मोठे चमचे जेवणात घाला आणि पाणी वाढवा. चौथ्या दिवशीही झाली नाही तर विचारा.

अजिबात उठता येत नसलेल्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदला, रात्रीही. कोपर, नितंबाचं हाड आणि घोटा इथली त्वचा आधी लाल होते, मग फुटते, आणि बेडसोर भरून यायला महिने लागतात. लघवीने भिजलेली चादर लगेच काढा, अंग कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. माणसांच्या बाळांची झिंकची क्रीम लावू नका. ती चाटली तर विषारी ठरते. पाठीच्या कण्याला मार असेल आणि लघवी दाबून काढावी लागत असेल, तर ते दवाखान्यात हाताने शिकून घ्या. वाचून जमत नाही.

९. खाणं

क्रेटमधल्या कुत्र्याला कमी अन्न लागतं. पहिल्या आठवड्यात भूक मंद असते तेव्हा लाड होतात, मग वजन वाढतं, आणि वाढलेला प्रत्येक किलो त्या प्लेटवर पडतो. साधा हिशेब: वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा, तेवढ्या किलोकॅलरी दिवसाला. २० किलोच्या कुत्र्याला ६७०. सुमारे २५० ग्रॅम उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन आणि २०० ग्रॅम शिजलेला भात मिळून तेवढं भरतं. काही दिवसांसाठी हे ठीक. आठवडेच्या आठवडे द्यायचं असेल तर त्यात कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडतात, म्हणून संतुलित तयार अन्न किंवा डॉक्टरांनी आखून दिलेला आहार हवा. पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, त्यात जेवणातलं पाणीही धरलं.

हाड मोडलं म्हणून कॅल्शियमचं टॉनिक आणू नका. संतुलित अन्न खाणाऱ्या कुत्र्याचं हाड त्याने लवकर जुळत नाही, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीचं कॅल्शियम हाडांची वाढच बिघडवतं. उलट, फक्त मांस किंवा फक्त दूध-भात-पोळीवर वाढलेल्या पिल्लाचं हाड किरकोळ उडीने मोडलं असेल तर मूळ कारण खाणं असू शकतं. त्याची वेगळी चौकशी करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नकोत. मटणाचा रस्साही नको, त्यात कांदा-लसूण असतोच. वजन दर आठवड्याला: त्याला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा.

१०. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत: चालवणं आणि थांबवणं

विश्रांती म्हणजे सांधा न हलवणं नव्हे. विशेषतः गुडघ्याजवळ मांडीचं हाड मोडलेल्या पिल्लात मांडीचा स्नायू हाडाला चिकटून गुडघा सरळच्या सरळ आखडतो आणि मग वाकत नाही. हे काही आठवड्यांत होतं आणि परत सुधारणं फार अवघड असतं. म्हणून डॉक्टरांनी दाखवल्यावर घरी सांधे हलवायचे: चांगली बाजू खाली ठेवून कुत्र्याला आडवं करा, एका तळहाताने मांडीला आधार द्या, दुसऱ्याने पंजा धरून गुडघा आणि घोटा सावकाश वाकवा आणि सरळ करा. एका वेळी १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. तो डोकं वळवून बघायला लागला की तिथेच थांबा, त्यापुढे ढकलू नका.

चालण्याचा साधारण आराखडा असा असतो. पहिले दोन आठवडे फक्त शी-शूपुरतं, ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. तिसऱ्या-चौथ्यात ५ ते १० मिनिटं. पाचव्या-सहाव्यात १० ते १५. सातव्या-आठव्यात १५ ते २०. सगळं लीशवर, घराच्या आतही. ताणला की लांब होणारा लीश नको. चाल इतकी संथ ठेवा की प्रत्येक पावलाला दुखरा पाय टेकला पाहिजे. वेग वाढला की कुत्रा तो पाय उचलून तीन पायांवर पळतो, आणि मग तुम्ही व्यायाम देताय तो चांगल्या पायाला.

प्लेट बसवलेले बरेच कुत्रे पहिल्या एक-दोन आठवड्यांत पंजाचं टोक टेकायला लागतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टेकायला लागलेला पाय एकाएकी पुन्हा उचलून धरला, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका. स्क्रू सैल झाला असेल, प्लेट वाकली असेल किंवा आत संसर्ग असेल. ‘काल जास्त चालला म्हणून दुखत असेल’ असं म्हणत आठवडा घालवला की दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होतं.

हाच तो काळ, जेव्हा क्रेटमधला कुत्रा अंगात ताकद येऊन वैतागतो. त्याला पायांऐवजी नाकाचं काम द्या. जुन्या टॉवेलमध्ये चिकनचे बारीक तुकडे गुंडाळून द्या आणि शोधू द्या. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवा, त्यावर तो बराच वेळ रमतो. ‘बस’, ‘थांब’, नाकाने हाताला स्पर्श, असं जागच्या जागी शिकवता येतं. रोजच्या जेवणातला भागच यासाठी वापरा, वरचा खाऊ नको. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांची गाठ दोघेही लीशवर असतानाच. गणपतीत ढोल किंवा दिवाळीत फटाके या आठवड्यांत येणार असतील तर पंधरा दिवस आधी डॉक्टरांशी बोला. घाबरलेला कुत्रा क्रेटच्या जाळीवर आपटून घेतो, आणि ऐनवेळी औषध मिळत नाही. मे महिन्यात क्रेट पंख्याखाली किंवा कूलरजवळ ठेवा आणि केस काढलेली कातडी उन्हात नेऊ नका.

११. लगेच निघायचं कधी

हे दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका: पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, झोपेतही धाप, पोट फुगून ताठ होणं, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणं, झटके, गार पडलेला पंजा, वारंवार उलट्या, काळी शी, किंवा उघड्या जखमेतून हाड वा धातू दिसणं. निघताना वही आणि औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या.

१२. एक्स-रे आणि त्यानंतर

पहिला तपासणी-एक्स-रे सहसा ४ ते ६ आठवड्यांनी, दुसरा ८ ते १२ ला. कुत्रा नीट चालतोय म्हणून तो टाळू नका. हाड जुळलं की नाही हे चालीवरून सांगता येत नाही. गावात सोय नसेल तर मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जायच्या आधी तिथल्या दवाखान्याच्या वेळा विचारून घ्या आणि जुने एक्स-रे न्या.

हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तरी त्याच संध्याकाळी मैदानात सोडू नका. महिना-दोन महिने न वापरलेली मांडी बारीक झालेली असते. दोन्ही मांड्या एकाच उंचीवर टेपने मोजून फरक वहीत लिहा. आधी लीशवरच चालण्याची मिनिटं दर आठवड्याला पाचाने वाढवा. मग हलका चढ, मग लीशवर सावकाश दोन-चार पायऱ्या, मग लीशवर दुडकी चाल, आणि साधारण महिन्याभराने मोकळं सोडणं, तेही आधी एकटा असताना, इतर कुत्र्यांसोबत नंतर. नवं काही केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडला तर एक पायरी मागे या आणि तीन-चार दिवस तिथेच राहा. चेंडू फेकणं आणि सोफ्यावर उडी यांचा नंबर सगळ्यात शेवटी. प्लेट बहुतेक कुत्र्यांत कायमची आतच राहते. थंडीत त्या पायाने तो लंगडायला लागला, किंवा प्लेटवरची कातडी चाटत राहिला, तर ती काढायची का, हे तेव्हा सर्जनला विचारा.